भिंत मऊ कशाला हवी?

थर्ड सेमला एसओएमच्या व्हायवात सरांनी मला विचारलं, "गाडीची बॉडी कशी असावी, कडक की मऊ?" मी छातीठोकपणे म्हटलं, "सर, एकदम कडक! जितकी मजबूत तितकी सेफ." सर हसले, एक्स्टर्नलही हसले. मार्क किती पडले ते इथे लिहीत नाही. पण बरोबर उत्तर मला पुढे अमेरिकन मोटर रेसिंगमध्ये सापडलं, तेच सांगतो. (कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात!)

नॅसकार ही तिकडची सगळ्यात लोकप्रिय रेसिंग मालिका. बहुतेक ट्रॅक अंडाकृती आणि भोवती काँक्रीटची भिंत. मे २००० मध्ये ॲडम पेटी हा १९ वर्षांचा ड्रायव्हर न्यू हॅम्पशायरला भिंतीवर आदळून गेला. दोनच महिन्यांनी त्याच ट्रॅकवर केनी अर्विन गेला. मग १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाला, शेवटच्या लॅपमध्ये, सात वेळचा चॅम्पियन डेल अर्नहार्ट गेला. टीव्हीवर धडक साधीच वाटली होती. पण कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. अशा धडकेत पट्टे छातीला धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो.

आता थोडं गणित. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. v²/2d हे सूत्र आठवा. पाव मीटरमध्ये थांबलात तर सरासरी ८० जी, अर्ध्या मीटरमध्ये ४० जी, एका मीटरमध्ये २० जी. म्हणजे थांबायला जागा दुप्पट मिळाली की मार निम्मा होतो. काँक्रीट तसूभरही जागा देत नाही!

यावर नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या टीमने 'सेफर बॅरियर' तयार केलं. काँक्रीटच्या पुढे स्टीलच्या चौकोनी नळ्यांची भिंत आणि मध्ये पॉलिस्टायरीन फोमचे ठोकळे. धडक बसली की फोम चेपतो आणि गाडीची एनर्जी खातो. मे २००२ मध्ये ते पहिल्यांदा इंडियानापोलिसला बसलं. डोकं आणि मान धरणारं 'हान्स' हे साधन तर प्रोफेसर रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकातच बनवलं होतं. पण अडचण होते म्हणून बरेच ड्रायव्हर ते घालत नव्हते. शेवटी ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने असं साधन सक्तीचं केलं.

गोष्ट इथे संपत नाही. २०२२ मध्ये नॅसकारने नवीन गाडी आणली आणि तिचा मागचा भाग फारच कडक निघाला. गाडी कमी चेपायची, झटका ड्रायव्हरला बसायचा. जुलैमध्ये पोकोनोला कर्ट बुशच्या मेंदूला मार बसला आणि त्याची कारकीर्दच थांबली. सप्टेंबरमध्ये ॲलेक्स बोमनचंही तेच झालं, त्याच्या पाच रेस हुकल्या. मग क्रॅश टेस्ट झाल्या आणि २०२३ साठी मागचा सांगाडा मुद्दाम कमकुवत केला गेला. माझ्या व्हायवातली चूक एवढ्या मोठ्या इंजिनिअर लोकांनीही केली, हे वाचून जरा बरं वाटलं. पण किंमत ड्रायव्हरने मोजली.

आता आपल्या हॉस्टेलकडे या. हेल्मेटच्या आत असतो तो फोमसुद्धा पॉलिस्टायरीनच, आपला थर्मोकोल. तो एकदाच चेपतो, परत फुगत नाही. म्हणजे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं. आमच्या विंगमधला एक जण गेल्या महिन्यात बाईकवरून पडला. हेल्मेटमुळे वाचला, नुसता खरचटला. तो अजून तेच हेल्मेट घालतो. मी टोकलं तर ठोकून दाखवतो आणि म्हणतो, "अरे, बघ ना, किती मजबूत आहे!"

त्याने अजून नवीन घेतलेलं नाही. म्हणून हा लेख.