‘द केज’ ते ‘द मिनॅजरी’ : गृहचित्रफितीवरील ‘स्टार ट्रेक’ आणि संहितेचा प्रश्न

दूरचित्रवाणी मालिका ही मूलतः प्रसारणाची कला आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ती प्रेक्षकासमोर येते आणि निघून जाते. छापील पुस्तकाप्रमाणे मागची पाने उलटून पाहण्याची सोय तिच्या पहिल्या प्रेक्षकाला नव्हती. व्हिडिओ कॅसेट आणि पुढे डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्या घरोघरी पोहोचल्यावर ही स्थिती पालटली. मालिका संग्रही ठेवता येऊ लागली, थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागली आणि अशा रीतीने ती ‘संहिता’ बनली. मात्र संहिता म्हटली की तिच्या पाठाचा प्रश्न अटळपणे उभा राहतो. घरच्या पडद्यावर जे दिसते ते मूळ रचनेचे नेमके कोणते रूप होय? विज्ञानकथात्मक मालिकांमध्ये अभिजात गणल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’च्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

जीन रॉडनबेरी यांनी निर्मिलेली ही मालिका अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरून ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात प्रसारित झाली. तीन पर्वांत मिळून तिचे ७९ भाग झाले. पुढे स्थानिक केंद्रांवरून तिचे पुनःप्रसारण होऊ लागले आणि तिची खरी लोकप्रियता या काळात वाढली. तथापि जाहिरातींना अधिक वेळ मिळावा म्हणून पुनःप्रसारणात भागांना कात्री लावली जात असे. परिणामी १९७०च्या दशकातील असंख्य चाहत्यांनी जी मालिका प्रेमाने पाठ केली, तीच मुळात संक्षिप्त होती. गळालेले प्रसंग अनेकांना कॅसेटवर प्रथमच भेटले. त्यांच्या दृष्टीने हे ‘पुन्हा पाहणे’ अंशतः पहिल्यांदाच पाहणे होते.

पाठाचा पहिला प्रश्न क्रमाचा आहे. भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने ते प्रसारित झाले नाहीत. पहिल्या आठवड्यातील ‘द मॅन ट्रॅप’ या भागात डॉक्टर मॅकॉय हे पात्र कथेच्या केंद्रस्थानी आहे. तिसऱ्या आठवड्यातील ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या भागात मात्र जहाजावर पायपर नावाचा दुसराच डॉक्टर दिसतो, गणवेशही निराळे आहेत आणि या बदलाचे कोणतेही स्पष्टीकरण मिळत नाही. कारण साधे आहे : हा भाग मालिकेचा दुसरा नमुनाभाग होता आणि ‘द मॅन ट्रॅप’च्या बराच आधी तयार झाला होता. १९६६ च्या प्रेक्षकाला जी विसंगती वाटली असेल, तीच निर्मितीक्रमाने पाहणाऱ्याला पात्रयोजनेची घडण वाटते. दोन दोन भागांच्या पहिल्या डीव्हीडींनी निर्मितीक्रम स्वीकारला, तर २००४ मधील पर्वनिहाय संचांनी प्रसारणक्रम. पहिला क्रम रचनेचा इतिहास सांगतो, दुसरा ग्रहणाचा. यांपैकी एकच खरा मानण्याचे कारण नाही. आपण कोणता क्रम वाचत आहोत याचे भान मात्र अभ्यासकाला हवे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मालिकेचा पहिला नमुनाभाग ‘द केज’ १९६५ मध्ये पूर्ण झाला, पण एनबीसीने तो नाकारला. त्यात कप्तान आहे तो ख्रिस्तोफर पाइक, कर्क नव्हे. स्पॉक आहे, पण तो हसतो आणि आवाज चढवतो. भावनारहित बुद्धिनिष्ठा हा गुण येथे ‘नंबर वन’ या स्त्री-अधिकाऱ्याच्या ठायी आहे. ती व्यक्तिरेखा पुढे वगळली गेली आणि तिचा गुण स्पॉककडे आला. स्पॉकच्या रूपाने जगभर परिचित झालेली व्यक्तिरेखा एका लुप्त व्यक्तिरेखेचा वारसा घेऊन उभी आहे, हे ‘द केज’ पाहिल्याशिवाय उमगत नाही.

नाकारलेले हे चित्रण वाया गेले नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘द मिनॅजरी’ या दोन भागांच्या कथेत ते एका नव्या चौकटीत बसवण्यात आले. अपघाताने पूर्णतः पंगू झालेल्या, केवळ दिव्याच्या उघडझापीने ‘होय’ वा ‘नाही’ सांगू शकणाऱ्या पाइकला घेऊन स्पॉक निषिद्ध अशा टॅलोस ग्रहाकडे निघतो. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालतो आणि ‘द केज’मधील घटना पुरावा म्हणून पडद्यावर दाखवल्या जातात. कोणत्याही जहाजाची नोंद इतकी तपशीलवार असू शकत नाही, ही शंका कथेतच उपस्थित होते आणि ही दृश्ये टॅलोसवरूनच येत असल्याचे पुढे उघड होते. जुने चित्रण पुन्हा पाहणे हीच येथे कथावस्तू झाली आहे.

या दोन पाठांतील अर्थभेद शेवटाकडे स्पष्ट होतो. ‘द केज’मध्ये पाइक ग्रह सोडून जहाजावर परततो. मागे राहिलेल्या विनाला टॅलोसवासी सौंदर्याचा आभास परत देतात आणि सोबत पाइकचीही प्रतिमा देतात. तिच्याबरोबर चालणारा पाइक हा निव्वळ भास आहे. ‘द मिनॅजरी’मध्ये तेच दृश्य कर्क पडद्यावर पाहतो. तेथे मात्र विनासोबत चालणारा पाइक हा खरा पाइक आहे, ज्याने आपले जर्जर शरीर विसरून आभासात जगणे पत्करले आहे. चित्रणात एका रेषेचाही फरक नाही, तरीही अर्थ उलटला आहे. पहिल्या पाठात बंदिवासातील सुखापेक्षा मोकळे जगणे श्रेष्ठ ठरते. दुसऱ्यात, ज्याचे शरीरच बंदिवास झाले आहे त्याच्यासाठी आभास हीच मुक्ती ठरते. अर्थ दृश्यात अंगभूत नसून संदर्भाने घडतो, या सिद्धान्ताचे इतके निखळ उदाहरण क्वचितच आढळेल.

‘द मिनॅजरी’ सिद्ध करताना ‘द केज’ची मूळ निगेटिव्ह कापली गेली आणि वापरात न आलेले रंगीत अंश नष्ट झाले असे दीर्घकाळ मानले जात होते. १९८६ मध्ये ‘द केज’ची कॅसेट निघाली, तेव्हा ‘द मिनॅजरी’तील रंगीत दृश्ये आणि रॉडनबेरी यांच्या संग्रहातील कृष्णधवल प्रत यांचा सांधा जोडण्यात आला. ही तडजोड होती, परंतु तिच्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला. रंगीत दृश्य म्हणजे नव्या कथेने स्वीकारलेला अंश आणि कृष्णधवल दृश्य म्हणजे वगळलेला अंश, हे पाहणाऱ्याला क्षणोक्षणी कळत होते. चिकित्सक आवृत्तीतील पाठभेदाच्या खुणा जणू चित्रातच उमटल्या होत्या. पुढे गळालेले रंगीत अंश सापडले आणि १९८८ मध्ये संपूर्ण रंगीत ‘द केज’ प्रसारित झाला. चित्र निर्दोष झाले, पण सांधे अदृश्य झाले. संहिता जितकी शुद्ध दिसते तितका तिचा इतिहास झाकला जातो. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना हा पेच परिचित आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या संशोधनाचे मोल वादातीत आहे, तरीही त्यापूर्वीच्या पाठाची जिज्ञासा त्यामुळे शमत नाही.

२००६ पासून मालिकेचे नवसंस्कारित रूप प्रसारित होऊ लागले. जहाज व ग्रह यांची जुनी दृश्ये काढून संगणकनिर्मित दृश्ये घालण्यात आली आणि शीर्षकसंगीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले. अभिनय, संवाद व नेपथ्य तेच राहिले. याचा परिणाम असा की १९६०च्या दशकातील पुठ्ठा, प्लायवुड आणि रंगीत दिवे यांच्या नाट्यमय अवकाशाला एकविसाव्या शतकातील गुळगुळीत अंतराळ जोडले गेले. जुन्या प्रतिकृतींचे दृश्य ओबडधोबड असले तरी ते त्या नेपथ्याशी सजातीय होते. एका काळाची कल्पनाशक्ती आपल्या साधनांच्या मर्यादेत भविष्य कसे रेखाटते, हाच विज्ञानकथेच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय आहे. मर्यादा पुसली तर तो पुरावाच पुसला जातो. २००९ पासून निघालेल्या ब्लू-रे तबकड्यांनी दोन्ही दृश्ये देऊन निवड प्रेक्षकावर सोपवली, ही गोष्ट पाठसंपादनाच्या दृष्टीने स्वागतार्ह होय.

या विवेचनातून अध्यापनासाठी एक व्यावहारिक सूत्र निघते. छापील ग्रंथाची आवृत्ती नोंदवल्याशिवाय अवतरण देणे जसे अशास्त्रीय, तसेच दृश्य संहितेचे रूप, क्रम व वर्ष न सांगता तिच्यावर भाष्य करणे अशास्त्रीय आहे. ‘द केज’मधील टॅलोसवासी इतरांच्या जीवनाचे आभास पाहण्यात इतके रमले की पूर्वजांनी मागे ठेवलेली यंत्रे दुरुस्त करण्याची विद्याही ते विसरले. जुन्या मालिकेकडे केवळ स्मरणरंजनासाठी वळणाऱ्या प्रेक्षकाची गत याहून फार वेगळी नाही. पाहिलेल्या गोष्टीची घडण तपासणे, तिचे सांधे ओळखणे, हेच पुनर्दर्शनाला अभ्यासाची प्रतिष्ठा देते.