फ्लॉरेन्सला पायी किती तास?

युरोपची बससहल घेताना आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात: किती देश होणार आणि जेवण आपलं मिळणार का. त्याहून महत्त्वाचा प्रश्न राहून जातो. बसमधून उतरल्यावर त्या शहरात पायी फिरायला किती तास मिळणार? पैसे भरण्याआधी हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पिसा-फ्लॉरेन्सच्या दिवशी आमच्या गटातल्या कितीतरी जणांचा हिरमोड झाला, तो हे आधी स्पष्ट नव्हतं म्हणून.

मुक्काम मोंतेकातिनीला होता. सहल कंपन्यांना हे गाव सोयीचं, कारण पिसा आणि फ्लॉरेन्स दोन्ही तिथून जवळ. सकाळी पिसा, दुपारी फ्लॉरेन्स. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात पिसाला बस मनोऱ्यापर्यंत जात नाही. बाहेरच्या वाहनतळावर उतरायचं, चालत जायचं, चालत परत यायचं. कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्यासारखे फोटो काढताना कुणाला भान राहत नाही. त्यात दोन कुटुंबं खरेदीत अडकली आणि बस पाऊण तास उशिरा निघाली. तो पाऊण तास कुठून वळता होतो, ते समजून घ्या.

युरोपात बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला साधारण ९ तास ड्रायव्हिंग आणि दोन दिवसांच्या मध्ये सहसा ११ तास आराम. गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवत असतं आणि पोलीस ते तपासतात. त्यामुळे सकाळचा उशीर रात्री भरून काढता येत नाही. रस्ता तेवढाच राहतो, ठरवलेलं भारतीय जेवणही रद्द होत नाही. कात्री लागते ती फ्लॉरेन्सला. चालकावर चिडू नका. पेंगुळलेल्या माणसाच्या हाती पन्नास जणांचा जीव द्यायचा नाही, हा नियम आपल्याच भल्याचा आहे.

फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात सहलीच्या बसला मज्जाव आहे. आर्नो नदीच्या काठी उतरायचं आणि दगडी फरसबंदीवरून आधी सांता क्रोचे, मग सिन्योरिया चौक, मग कथीड्रल. वेळ कमी उरल्याने लोकल गाइड झपाझप चालत होती. तिचं बोलणं कानातल्या यंत्रातून ऐकू येतं, पण ठरावीक अंतरापर्यंतच. सातारच्या एक काकू गुडघ्यांमुळे मागे पडल्या, तसा त्यांच्या कानातला आवाज आधी खरखरला आणि मग तुटला. सांता क्रोचेच्या चर्चमध्ये मायकेलँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांची नजर सारखी पायाखालच्या दगडांवर होती. गटात ज्येष्ठ असतील तर त्यांना गाइडच्या लगेच मागे ठेवा आणि तरुणांनी शेवटी चालावं. बसमधून उतरतानाच हे ठरवून टाकावं.

सिन्योरिया चौकात जुन्या राजवाड्याच्या दाराशी मायकेलँजेलोचा डेव्हिड उभा आहे. सगळ्यांनी फोटो काढले. मग गाइडने सांगितलं, ही प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ साली इथून हलवला, तो आता अकादेमिया संग्रहालयात आहे. काकूंनी टूर मॅनेजरला विचारलं, "अहो, मग खरा कधी बघायचा?"

"तो आपल्या कार्यक्रमात नाही, काकू."

माहितीपत्रकावर मात्र डेव्हिडचाच मोठा फोटो होता, आणि अकादेमिया तिथून जेमतेम पंधरा मिनिटांच्या चालीवर. मला याचा आजही राग येतो. कथीड्रलसमोरच्या बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मागृहाच्या, सोनेरी दाराचंही तसंच. शिल्पकार घिबेर्तीने २७ वर्षं खपून घडवलेलं मूळ दार कथीड्रलच्या संग्रहालयात आहे, बाहेर लावलेली आहे ती प्रत. प्रतही डोळे भरून बघावी अशीच, पण आपण काय बघतोय ते माणसाला आधी माहीत हवं. म्हणून कार्यक्रमपत्रिकेतल्या प्रत्येक ठिकाणापुढे लिहून घ्या: तिकीट काढून आतून, नुसतं बाहेरून, की धावत्या बसमधून? मोघम 'दर्शन' लिहिलेलं असेल तर ते बाहेरूनच, असं धरून चाला.

डेव्हिड बघायचाच असेल तर वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागतं आणि संग्रहालय सोमवारी बंद असतं. कथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. बससहलीच्या दिवशी त्याचा नाद सोडलेला बरा. भारतीय जेवणासाठी सगळ्या गटाने चालत जाऊन यायचं म्हणजे दीड तास सहज जातो. ज्यांना ते हवं त्यांना जरूर मिळावं. पण बाकीच्यांनी आदल्या दिवशी मॅनेजरला सांगून सोबत खाणं घ्यावं आणि तो वेळ शहराला द्यावा.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना याच शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर खास परवानगीने त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभारून त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते याच महाराजांचं. मराठी माणसांनी भरलेली बस त्या शहरात आली आणि गेली, पण छत्रीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ती कास्किने बागेच्या पश्चिम टोकाला आहे, मध्यवस्तीपासून बरीच लांब, त्यामुळे मोकळ्या वेळात पायी जाऊन येणं जमत नाही. बसचे थांबे आणि परवाने आधीच ठरलेले असतात, त्यामुळे ऐनवेळी मॅनेजरच्याही हातात काही नसतं. निघण्याआधी कंपनी सगळ्यांना एकत्र बोलावते, त्या बैठकीत दहा-बारा जणांनी मिळून छत्रीपाशी बस थांबवण्याची मागणी करा.