पाठ : ओळखीचे शब्द, नाटकातले अर्थ

मुलांनो, 'अंक' म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, एक, दोन, तीन! 'प्रयोग' म्हणजे? सायन्स लॅबमध्ये करतो तो. 'प्रवेश' म्हणजे शाळेत मिळते ती ॲडमिशन आणि 'पात्र' म्हणजे नदीचं पात्र. सगळी उत्तरं बरोबर! पण नाटकात याच शब्दांचे अर्थ बदलतात.

अमेरिकेत अनेक महाराष्ट्र मंडळं गणपतीत किंवा दिवाळीत नाटक बसवतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली झाली. त्याचं अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी भरतं आणि तिथेही मराठी नाटकं होतात. उद्या तुम्हाला नाटकात काम मिळालं, तर हे शब्द माहीत हवेत.

लिहिलेलं नाटक
नाटककार जे लिहितो ती संहिता. मोठ्या नाटकाचे दोन किंवा तीन भाग असतात. त्यांना अंक म्हणतात. दोन अंकांच्या मध्ये मध्यंतर होतं, म्हणजे बटाटेवडा खायची वेळ! एकाच अंकाचं छोटं नाटक म्हणजे एकांकिका.

अंकाच्या लहान भागाला प्रवेश म्हणतात. पात्र रंगमंचावर येतं, त्यालाही प्रवेशच म्हणतात. म्हणून दिग्दर्शक काका म्हणतील, "अरे, तिसऱ्या प्रवेशात तुझा प्रवेश उशिरा झाला!" गोंधळू नका.

पात्र म्हणजे गोष्टीतली व्यक्ती. ते काम करतो तो नट किंवा करते ती नटी. पात्र सत्तर वर्षांच्या आजीचं असेल, पण नटी दहा वर्षांची असू शकते. पात्रं एकमेकांशी बोलतात ते संवाद. पात्र स्वतःशीच मोठ्याने बोलतं ते स्वगत.

तयारी
कोल्हापूरला 'तालीम' म्हटलं की कुस्ती आठवते. नाटकाची तालीम म्हणजे सराव. कपडे, मेकअप, दिवे अशा सगळ्या तयारीनिशी होणारी शेवटची तालीम म्हणजे रंगीत तालीम.

कपड्यांना वेशभूषा, मेकअपला रंगभूषा आणि दिव्यांच्या कामाला प्रकाशयोजना म्हणतात. रंगमंचावर घर, बाग किंवा राजवाडा उभा करतात ते नेपथ्य. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना विंगा असतात. आपली वेळ येईपर्यंत विंगेत गप्प उभं राहायचं!

प्रयोग
तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि प्रयोग सुरू होतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन असतो. रंगमंच म्हणजे आपण उभे राहतो ती जागा. रंगभूमी म्हणजे नाटकाचं सगळं जग.

महाराष्ट्रात लोकप्रिय नाटकाचे शेकडो प्रयोग होतात. जाहिरातीत 'आज १०० वा प्रयोग' असं छापतात. इथे मात्र दोन-तीन महिने तालमी करून कधी कधी एकच प्रयोग होतो. म्हणून बऱ्याच मुलांना भीती वाटते, "माझा 'ळ' चुकला तर? सगळे हसले तर?"

वर्गात वाक्य चुकलं की आपण थांबतो. प्रयोगात थांबता येत नाही. शब्द विसरला, तर विंगेतला प्रॉम्प्टर हळूच सांगतो. कधी समोरचं पात्रच सांभाळून घेतं, "काय गं, बाजारात जायचंय म्हणत होतीस ना?" आणि नाटक पुढे चालू राहतं. तालमीत तेच वाक्य तुम्ही पन्नास वेळा म्हटलेलं असतं, त्यामुळे ते तोंडात बसतं. नाटक संपल्यावरही ते तुमचंच राहतं. शेवटच्या रांगेतल्या आजींना ते ऐकू गेलं, की तुमचं काम झालं.

स्वाध्याय
१. 'अंक', 'प्रवेश', 'पात्र', 'तालीम' आणि 'प्रयोग' या शब्दांचे प्रत्येकी दोन अर्थ लिहा.
२. फरक सांगा : संवाद आणि स्वगत, रंगमंच आणि रंगभूमी.
३. रंगीत तालीम साध्या तालमीपेक्षा वेगळी कशी असते?
४. आजी-आजोबांना फोनवर विचारा, "तुम्ही पाहिलेलं पहिलं नाटक कोणतं? ते कुठे पाहिलंत?" त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा.