जुने स्टीरिओ स्पीकर घ्यावेत का?

पुण्यातील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. २००३ साली मी एम्.एस्सी.च्या वर्गात असताना एका रविवारी तेथे मला स्टीरिओ स्पीकरची एक जोडी दिसली. लाकडी पेट्या चकचकीत, समोरची जाळी स्वच्छ, वर नामांकित कंपनीची पट्टी. विक्रेत्याने गाणे लावून दाखविले, तेही छान वाजले. शिकवण्या करून साठविलेले दीड हजार रुपये मी मोजले आणि जोडी रिक्षात घालून खोलीवर आणली. पहिल्याच पावसाळ्यात उजव्या पेटीतून तबल्याच्या डग्ग्याबरोबर खरखर ऐकू येऊ लागली. जाळी काढून आतल्या शंकूच्या कडेला बोट लावले, तर काळा चिकट चुरा बोटावर आला!

पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मला हे आधी का कळले नाही? कारण मी पेटी पाहिली, नाव पाहिले. यंत्र पाहिलेच नाही. ते कसे पाहावे, हे आज आपण समजून घेऊ.

शंभर वर्षांपूर्वीची रचना

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज वाहू लागली की तारेवर बल कार्य करते, हे तुम्हांला माहीत आहे. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम त्या बलाची दिशा सांगतो. स्पीकरमध्ये नेमके हेच घडते. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे हलके वेटोळे, म्हणजे कॉइल, बसविलेले असते. कॉइलला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू जोडलेला असतो. बाजारात त्याला कोन म्हणतात. प्रवाहाची दिशा बदलेल तसा कोन पुढेमागे हलतो आणि हवेत ध्वनितरंग निर्माण करतो.

अशा स्पीकरची रचना अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. आजही बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक आज निरुपयोगी ठरतो, तसे स्पीकरचे होत नाही. चांगला बनविलेला आणि धड राहिलेला जुना स्पीकर आजही उत्तम वाजू शकतो. प्रश्न एवढाच, की तो धड राहिला आहे का?

काय टिकते, काय कुजते?

स्पीकरचे सर्व भाग सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. फेराइटचे चुंबक अनेक दशके जवळजवळ जसेच्या तसे राहते. कॉइल जळली नसेल तर तिलाही काही होत नाही. पेटीला ओल लागली नसेल तर तीही टिकते. खरी काळजी करायची ती मऊ भागांची.

कोनाची बाहेरची कड धातूच्या सांगाड्याला एका लवचिक पट्टीने जोडलेली असते. ही पट्टी कापडाची, रबराची किंवा फोमची असते. १९७० नंतर अनेक कंपन्यांनी पॉलियुरेथेनचा फोम वापरला, कारण तो हलका आणि मऊ असतो. परंतु या फोमच्या काही प्रकारांतील लांब रेणुसाखळ्या हवेतील बाष्पामुळे हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलापघटन म्हणतात. साधारणतः दहा ते वीस वर्षांत असा फोम चिकट होतो, मग त्याचा चुरा पडतो. दमट हवेत ही क्रिया अधिक जलद होते. त्यामुळे कोकणपट्टीत तर अधिकच सावध राहावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्पीकर वाजविला काय किंवा कपाटात ठेवला काय, फोम कुजतोच. तेव्हा “फारसा वापरलेलाच नाही” हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असले, तरी त्याने फोमची हमी मिळत नाही. रबराची व कापडाची कड मात्र बहुधा पुष्कळ अधिक टिकते.

हवेची स्प्रिंग

कड फाटली तर एवढे काय बिघडते? थोडे गणित करू. कोन म्हणजे स्प्रिंगला जोडलेले वस्तुमान. त्याची नैसर्गिक वारंवारता काढण्यासाठी स्प्रिंगच्या ताठरतेला वस्तुमानाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला ६.२८ ने भागावे. या वारंवारतेच्या खाली स्पीकरचा आवाज झपाट्याने घसरत जातो.

समजा, एका आठ इंची वूफरच्या हलत्या भागांचे वस्तुमान २५ ग्रॅम आहे आणि आधार देणाऱ्या मऊ भागांची ताठरता दर मीटरला १००० न्यूटन आहे. १००० भागिले ०.०२५ म्हणजे ४०,०००. त्याचे वर्गमूळ २००. म्हणून वारंवारता सुमारे ३२ हर्ट्झ.

आता हा वूफर ३० लिटरच्या हवाबंद पेटीत बसवू. कोन आत गेला की पेटीतील हवा दाबली जाते आणि कोनाला परत ढकलते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. तीच ही हवेची स्प्रिंग. कोनाचे क्षेत्रफळ २२० चौरस सेंटिमीटर धरले, तर या स्प्रिंगची ताठरता दर मीटरला सुमारे २३०० न्यूटन येते. एकूण ताठरता झाली ३३००, आणि वारंवारता सुमारे ५८ हर्ट्झ. एकूण ताठरतेपैकी जवळजवळ सत्तर टक्के वाटा हवेचा आहे!

ही युक्ती एडगर व्हिल्चर यांची. कापडाच्या वा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा बंदिस्त हवेची स्प्रिंग अधिक नियमित वागते, हे ओळखून त्यांनी मुद्दाम अतिशय सैल कडेचा वूफर घेतला आणि बरेचसे काम हवेवर सोपविले. १९५४ साली हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली, आणि लहान पेटीतून खोल आवाज मिळू लागला.

आता आपल्या वूफरची कड जुनी होऊन एकूण आधार दुप्पट ताठर झाला असे समजा. एकूण ताठरता ४३०० होईल आणि वारंवारता ५८ ऐवजी ६६ हर्ट्झ होईल. फरक पडला, पण स्पीकर निकामी झाला नाही. उलट, फोमची कड फाटली तर हवा फटीतून ये-जा करते आणि सत्तर टक्के स्प्रिंगच हातची जाते! कोन बेताल हलू लागतो, कॉइल फटीच्या भिंतीला घासते आणि खरखर सुरू होते. शिवाय कोनाच्या मागचा दाब पुढच्या विरळ हवेत मिसळतो आणि खर्जाचा आवाज खच्ची होतो. माझ्या डग्ग्याचे हेच झाले होते.

वाळलेला कंडेन्सर

पेटीत वूफरशिवाय उंच स्वरांसाठी लहानसा ट्वीटरही असतो. खालचे स्वर त्याच्याकडे जाऊ नयेत म्हणून वाटेत कंडेन्सर बसवितात. ८ ओहमच्या ट्वीटरला ६.८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, तर सुमारे २९०० हर्ट्झच्या खालचे स्वर अडविले जातात. हा कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असेल, तर वर्षानुवर्षे त्यातील द्रव वाळत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, तो ४ ओहम झाला. मग ट्वीटरला पूर्वीच्या दोनतृतीयांश व्होल्टता मिळेल आणि शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नऊपैकी चारच भाग. झांजांचा किणकिणाट मंदावतो. सुदैवाने कंडेन्सर बदलणे हे स्पीकरमधील सर्वांत स्वस्त काम आहे.

घेण्यापूर्वी करून पाहा

१. जाळी काढायला सांगा. कड फोमची, रबराची की कापडाची, ते ओळखा. हलकेच बोट लावा. चिकट लागली किंवा चुरा आला तर फोम संपला.

२. दोन्ही हातांची बोटे कोनाच्या मध्याभोवती समान अंतरावर ठेवून कोन अगदी हळू, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकली आहे.

३. पेटीच्या मागील दोन टोकांना मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर बहुधा साडेपाच ते सात ओहम दाखवितो. प्रवाह वाहतच नसेल तर वूफरची कॉइल किंवा तिची जोडणी तुटली आहे. कंडेन्सर एकदिश प्रवाह अडवितो, त्यामुळे ट्वीटरची परीक्षा या पद्धतीने होत नाही. ती कानानेच करावी.

४. दीड व्होल्टचा सेल क्षणभर मागील टोकांना लावा. लाल टोकाला धन अग्र जोडल्यावर दोन्ही पेट्यांचे वूफर एकाच दिशेने सरकले पाहिजेत. एक पुढे आणि दुसरा मागे गेला, तर एका पेटीच्या तारा उलट जोडल्या आहेत. दोघांचे खर्ज एकमेकांना मारतील.

५. एकच ध्वनिमुद्रण आधी डाव्या, मग उजव्या पेटीतून ऐका. स्टीरिओमध्ये दोन पेट्यांतील साम्यावरच गायक मधोमध उभा असल्याचा भास अवलंबून असतो. एक पेटी उत्तम आणि दुसरी आजारी, म्हणजे जोडी आजारी.

शेवटी हिशेब

गेल्या दिवाळीनंतर अकरावीतील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, आजोबांच्या तबकड्या ऐकायला जुने स्पीकर मिळताहेत. सहा हजार सांगतात. घेऊ?” मी तिला वरील पाच कसोट्या लिहून दिल्या. दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. दोन्ही वूफरचे माप ६.१ आणि ६.२ ओहम, घासणे नाही, ट्वीटर समान. पण दोन्हींचा फोम चुरा झालेला. म्हणजे यंत्राचा टिकाऊ भाग शाबूत होता आणि बदलता येणारा भाग गेला होता. दुरुस्तीवाल्याकडून तिने फोमचा खर्च आधी विचारून घेतला, तो किमतीतून वजा करायला लावला आणि मगच जोडी घेतली. घासणारी किंवा जळलेली कॉइल निघाली असती, तर तिला मी नको म्हणालो असतो.

तेव्हा जुने स्पीकर घ्यावेत का? चुंबक, कॉइल आणि पेटी धड असेल, आणि किंमत अधिक दुरुस्ती ही बेरीज तशाच नव्या जोडीपेक्षा बरीच कमी असेल, तर खुशाल घ्यावेत. मात्र नाव आणि वय विचारून थांबू नका. कड कशाची आहे, ते विचारा.

जाता जाता एक गणित: आपला वूफर ३० ऐवजी १५ लिटरच्या हवाबंद पेटीत बसविला, तर त्याची नैसर्गिक वारंवारता किती होईल? पेटीचे घनफळ निम्मे झाले की हवेची ताठरता दुप्पट होते, एवढे लक्षात ठेवा आणि उत्तर काढून आपल्या शिक्षकांना दाखवा.