कोरडं फडकं लावू नकोस

काळी गाडी घेतलीस तेव्हाच म्हणालो होतो, काळा रंग काही लपवत नाही. आता बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याचं जाळं दिसतं म्हणतोस. ते उन्हाचं काम नव्हे. सोसायटीत पहाटे एकाच बादलीत फडकं बुचकळून पंधरा गाड्या पुसल्या जातात ना, त्याचं आहे. गाड्या पुसणाऱ्या पोराला बोलू नकोस, त्याला सांग की माझी गाडी राहू दे मळकी.

आपल्या बोईसरची धूळ साधी नाही. चिल्हारच्या रस्त्यावर डंपर कच उडवतात, एमआयडीसीत लोखंडाची भुकटी, आणि चिंचणीकडून दमट खारा वारा आला की सगळं पत्र्याला चिकटून बसतं. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं.

म्हणून आधी नळीनं भरपूर पाणी सोड. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. कपड्यांची पावडर नको. छपरापासून खाली ये, हात सरळ चालव, गोल गोल नको. चाकांचं फडकं वेगळं. हातातलं फडकं जमिनीवर पडलं की तेही चाकांचंच झालं. बोअरचं पाणी अंगावर वाळू देऊ नकोस, पांढरे डाग बसतात. सावलीत टॉवेल नुसता टेकवून पाणी टिप. आणि मळक्या गाडीवर कव्हर घालू नकोस, वाऱ्यानं तेच घासत राहतं.

आता झालेल्या जाळ्याचं. नख फिरवून बघ, अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशनं जाणार नाही. नाही अडकलं तर तो वरच्या क्लिअर कोटात आहे. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर झिजवून सपाट करतं. दर दिवाळीला मशीन मारलीस तर थर संपेल. काही जण नुसतं तेलकट क्रीम चोपडून चकाचक करून देतात. चार धुण्यांत जाळं परत हजर. आधी वीतभर जागेवर करून दाखवायला सांग, पुसून मोबाइलच्या टॉर्चनं बघ, मगच पैसे ठरव.

दसऱ्याचा हार मात्र पूजा झाली की लगेच काढ. माझा पालघरपर्यंत बॉनेटवर हलत राहिला होता. सुतळीचे ओरखडे अजून आहेत, ये, दाखवतो.