आरोग्याचा पाठ : दडून राहणारा विषाणू

मैत्रिणींनो, एचआयव्ही आपल्याला माहीत आहे. त्याच्याच जातकुळीतला आणखी एक विषाणू आहे, एचटीएलव्ही-१. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटं, आफ्रिकेचा काही भाग इथं तो बराच आढळतो, स्पेनमध्ये क्वचितच. तरी तिथं काय झालं बघा. एका मृत दात्याचं लिव्हर आणि दोन किडन्या तिघांना बसवल्या. दात्याला कसलाच त्रास नव्हता, पण अंगात हा विषाणू होता. तिघांनाही मज्जारज्जूचा आजार जडला. या आजारात पायांतली ताकद जाते. २००३ साली डॉक्टरांनी ही माहिती प्रसिद्ध केली.

हा पसरतो तीन वाटांनी : रक्त, शरीरसंबंध आणि आईचं दूध. एका ताटात जेवल्यानं नाही. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, म्हणून तपासणीशिवाय कळतही नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली दानातलं रक्त यासाठी तपासायला सुरुवात झाली.

पण हे वाचून बाळाला पाजणं थांबवू नका! तो सल्ला फक्त लागण झालेल्या आईसाठी, तोही डॉक्टरांनीच द्यायचा.

आपण एवढं सांभाळू : सुई नवी, रक्त परवानाधारक रक्तपेढीतलंच, गरजेनुसार कंडोम. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं तिन्ही वाटा न बघता सांगायच्या, बरं का!