दुखणं अंगावर काढू नकोस

अगं, "पॉझिटिव्ह राहा" हे तू गेल्या काही दिवसांत किती जणांच्या तोंडून ऐकलं असशील! कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे, केमोने तो काही काळ आटोक्यात राहील पण मुळातून जाणार नाही, हे कळल्यावर माणूस रात्र रात्र जागतो, चिडतो, देवावरही रुसतो. त्यात कमीपणा कसला? एखाद्या दिवशी ढसाढसा रडलीस म्हणून गाठ वाढत नाही, ही भीती आधी मनातून काढ. भेटायला येऊन कुणा अमक्याचा काढा सुचवणाऱ्यांना "आज झोपायचंय" असं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या मागेच लागणार. दुखणं अंगावर काढू नकोस. आपल्याकडे बाईच्या सोसण्याचं फार कौतुक, आणि मला ते मुळीच पटत नाही. सतत दुखत राहिलं की झोप उडते, आणि झोप उडाली की मनाचा धीर कुठून आणायचा? मॉर्फिनचं नाव निघालं की घरचे हबकतात, "म्हणजे आता संपलंच" म्हणतात. तसं नाही गं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. पोट मात्र साफ होत नाही, त्यासाठीचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, ही शेवटच्या आठवड्यातली सोय असं धरून बसू नकोस. केमो चालू असतानाच ती घ्यायची असते. अमेरिकेतला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या रुग्णांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं आणि ते इतरांपेक्षा साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. परळच्या टाटा रुग्णालयात या सेवेचा विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं, आणि घरच्या माणसांनाही तिथे शिकवतात, धीर देतात.

आता घरच्यांबद्दल. ते तुझ्यासमोर हसतात, स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसतात. तू त्यांच्यासमोर ठणठणीत असल्याचं दाखवतेस. सगळेच दमताहेत. एक दिवस तूच विषय काढ. शेवटी घरीच राहायचंय का, व्हेंटिलेटर हवा की नको, हे शुद्धीत असतानाच सांग, आणि लिहूनही ठेव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून ते साक्षांकित करता येतं. हे बोलणं अशुभ नाही. तुला बोलता येत नसताना मुलांवर आणि नवऱ्यावर तो निर्णय पडू नये, म्हणून ते बोलायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाशील तेव्हा रिपोर्टच्या आधी दुखण्याचं आणि झोपेचं बोल. आणि एकटी जाऊ नकोस, मला कळव. मी येते.